उजव्या सीटवर कोणी नाही

ये लोवेल, बस. बूट राहू देत पायात, फरशी घाण केली म्हणून ओरडणारं या घरात आता कोणी उरलेलं नाही. कॉफी सकाळची आहे, पण गरम आहे. विजेवर चालणारा ट्रक घ्यावा का, हे विचारायला आलायस ना? घे. चांगले असतात. माझा एक खराब निघाला म्हणून सगळ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही. फक्त घ्यायच्या आधी माझं ऐकून घे, आणि मध्ये थांबवू नकोस. हल्ली मी लवकर थकतो. एकदा थांबलो की पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

चाळीस वर्षं मी नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांमध्ये पवनचक्क्या दुरुस्त केल्या, हे तुला सांगायला नको. तुझ्या बापाच्या रँचवरची चक्कीसुद्धा मीच उभी केली. तेव्हा डिझेलचा ट्रक होता, खडखडाट करणारा, माझ्यासारखाच. मग माझ्या आर्लिसच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा तिला अठ्ठ्याहत्तर मैलांवर डायलिसिसला न्यायचं. डिझेलच्या वासाने तिला ओकारी यायची, आणि प्रत्येक खड्ड्याला ती ओठ दाबून धरायची. बोलायची नाही. ती बोलत नाही हेच मला बघवेना. म्हणून जुना ट्रक देऊन हा नवा घेतला. वास नाही, आवाज नाही, धक्का नाही. रंग तिनेच निवडला, तिच्या प्लमच्या मुरंब्यासारखा काळपट जांभळा.

पहिला दीड महिना स्वर्गात होतो आम्ही. मशीनवरून सुटली की ती सीट मागे करायची आणि घरापर्यंत झोपायची. दोन वर्षांत मी तिला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरात एके दिवशी तिला सेंटरवर सोडून मी वाणसामान आणायला निघालो. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच समोर पडद्यावर अक्षरं उमटली: उजव्या सीटवरील प्रवाशाने बेल्ट लावलेला नाही. आणि टिंग... टिंग... टिंग. मी उजवीकडे बघितलं. सीट रिकामी. पिशवी नाही, हातमोजा नाही, काही नाही. म्हटलं, वाजेल आणि थांबेल. दोन मैलांवर ट्रकने आपणहून वेग उतरवला, पंधरावर आणला, आणि चारही दिवे लुकलुकायला लागले. मागून गुरांचा ट्रेलर भोंगा वाजवत अंगावर आलेला. मी वाकून रिकाम्या सीटला बेल्ट लावला. ट्रक गप्प झाला आणि निमूट पळायला लागला. खरं सांगतो, मला हसू आलं.

वर्कशॉप डायलिसिसच्याच गावात. काउंटरवर टॉनिया. तुला माहीत आहे ती, बोलायला लागली की समोरच्याचा जबडा दुखतो.

"काय झालं, डेलमार? नवी नवरी रुसली?"

"उजव्या सीटवर कोणी नसताना कोणीतरी बसलंय म्हणते."

तिने टाइप केलं आणि जॉब कार्ड माझ्यापुढे सरकवलं. वर लिहिलं होतं, 'ग्राहकाचं म्हणणं'.

"म्हणणं कशाला? मी काय थापा मारतोय?"

"अहो, तसंच लिहायचं असतं. ग्राहक बोलेल ते जसंच्या तसं. उद्या तुम्ही ट्रकमध्ये भूत आहे म्हणालात ना, तरी मी हेच लिहिणार. ग्राहकाचं म्हणणं, भूत आहे. सही करा."

मेकॅनिक होता हॉइट. सूर्यफुलाच्या बिया चघळत काम करणारा, सभ्य माणूस. त्याने यंत्र जोडून बघितलं. सीटच्या आत वजन ओळखणारी गादी असते म्हणे, पुढच्या दोन्ही सीटना. रिकाम्या सीटवर यंत्र नऊ पौंड दाखवत होतं. त्याने ते शून्यावर आणलं, आकड्याचा कागद जॉब कार्डला टाचला, खाली लिहिलं: दुरुस्त केलं, दोष पुन्हा आढळला नाही. तिसऱ्या दिवशी टिंग टिंग सुरू.

मग मी एका वकीलबाईंना फोन लावला. आपल्या राज्याचा कायदा त्यांनीच समजावला. नवी गाडी पहिल्या वर्षात एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीला गेली आणि तरी सुधारली नाही, तर कंपनीने ती परत विकत घ्यायची. "पण एकाच दोषासाठी, हे लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "चारही कार्डांवर तेच शब्द हवेत. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कंपनी म्हणेल हा दोष वेगळा, तो वेगळा." मी ते वाक्य पाठ केलं. उजव्या सीटवर कोणी नाही, तरी ट्रक म्हणतो कोणीतरी आहे.

नोव्हेंबरात हॉइटने सीटमधली गादी बदलली. डिसेंबरात अख्खी सीट कारखान्यातून नवी मागवली. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. हॉइटने तार जोडली, यंत्राकडे बघितलं, आणि बिया चघळायचा थांबला.

"किती?" मी विचारलं.

"डेलमार, ही सीट आज सकाळी खोक्यातून काढलीय मी."

"मग दोष दिसला असं लिही की."

"लिहितो," तो म्हणाला. पण मुख्य गोष्ट मी अजून ऐकलीच नाही अशा नजरेने तो माझ्याकडे बघत राहिला. कागद टाचून त्याने कार्ड दिलं, ते मी न वाचता पाकिटात टाकलं. चार कार्डं जमवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आर्लिस तेव्हा वाळत चालली होती. डायलिसिसला माणसाला वजनकाट्यावर दोनदा चढवतात, मशीनला लावायच्या आधी आणि नंतर. अंगात पाणी किती साचलं ते त्यावरून कळतं. नर्स किलोत सांगायची, आर्लिसला किलोची कटकट वाटायची, म्हणून ती गुणाकार करून नंतरचं वजन पौंडात एका छोट्या वहीत लिहायची. पूर्वी शाळेच्या भटारखान्यात तिने तीस वर्षं हिशेबाने पीठ मळलं, सवय जाणार कुठे. मी ती वही कधी उघडून बघितली नाही. ती बारीक होतेय हे कळायला मला वही लागत नव्हती.

आता जे सांगतो ते मी वकीलबाईंना सांगितलेलं नाही.

नाताळाच्या आधीचा आठवडा. भर दुपारी दोन वाजले होते. सेंटरच्या आवारात मी ट्रकमध्ये बसून तिची वाट बघत होतो. बाहेर बर्फावर ऊन पडलेलं, डोळे दिपत होते. टिंग टिंग नको म्हणून रिकाम्या सीटला बेल्ट लावून ठेवला होता. सँडविच खाता खाता सहज नजर गेली. बेल्ट सीटला टेकलेला नव्हता... चार बोटं पुढे उभा होता. खांद्याच्या जागी गोल वळण घेतलेलं, पोटाच्या जागी फुगलेला... एखाद्या झोपलेल्या माणसावर असावा तसा. मी घास तोंडात धरून बसलो. मधल्या जागेत हात घालून बघावं असं वाटलं. घातला नाही. मग वास आला. नव्या ट्रकमध्ये प्लास्टिकचा वास यावा. हा फुगत आलेल्या पिठाचा होता, खमीर घातलेल्या, कापडाखाली झाकून ठेवलेल्या पिठाचा. आर्लिस कोलाचे, म्हणजे आमचे फळांचा गर भरलेले गोड पाव, करायची तेव्हा शनिवारी सकाळी आमचं घर असंच दरवळायचं. तिने पीठ मळून दोन वर्षं झाली होती.

दारावर टकटक झाली आणि मी ओरडलोच. बाहेर आर्लिस, चाकाच्या खुर्चीत, नर्सबरोबर.

"काय रे, भूत बघितलंस?" ती म्हणाली.

मी बेल्ट काढला. तो सरसर आत गेला. ती बसली, आणि बसता बसता थांबली. सीटवर हात फिरवला. "गरम आहे," म्हणाली.

"सीट तापवायचं बटण लावलं होतं," मी म्हणालो. लावलं नव्हतं.

चौथं कार्ड जानेवारीत मिळालं आणि महिन्याच्या शेवटी सुनावणी लागली. जिल्हा कचेरीच्या तळघरातली खोली, वाफेचे पाइप आत कोणी हातोडी मारत असल्यासारखे वाजत होते. निवाडा करायला एक पोक्त बाई, अंगात विणलेलं जाकीट. कंपनीकडून एक तरुण माणूस आला होता, सूटमध्ये, अतिशय नम्र. आर्लिसला मशीनची सुट्टी होती, म्हणून ती हट्टाने आली. माझ्या शेजारी बसली, मांडीवर पर्स.

त्या नम्र माणसाने चारही कार्डं टेबलावर ओळीने मांडली. "शब्द चारही ठिकाणी सारखे आहेत, हे मान्य," तो म्हणाला. "पण सोबतचे आकडे बघा. ऑक्टोबर, नऊ पौंड. नोव्हेंबर, सतरा. डिसेंबर, सव्वीस. जानेवारी, अडतीस. बिघडलेला सेन्सर असा बेताबेताने चढत जात नाही. हा एक दोष नाही. किंबहुना दोषच नाही. सेन्सर बरोबर काम करतोय. त्या सीटवर खरोखरच काहीतरी ठेवलेलं असतं, आणि ते वाढत चाललंय."

मी आकडे पहिल्यांदाच एका ओळीत बघत होतो. माझ्या शेजारी पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला. आर्लिसने वही काढली, पानं उलटली आणि माझ्यापुढे सरकवली. एकेका तारखेवर बोट ठेवत गेली.  त्याच चार तारखा. एकशे त्रेचाळीस. एकशे पस्तीस. एकशे सव्वीस. एकशे चौदा.

आजारी पडायच्या आधी ती एकशे बावन्न होती. बेरीज तूच कर.

"मिस्टर क्रॅटोच्विल," निवाडा करणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही शपथेवर आहात. त्या सीटवर कोणी... किंवा काही... होतं?"

पाइप वाजत होते. आर्लिस माझ्याकडे बघत होती. माझ्या मनात एकच होतं. तो ट्रक माझ्या बायकोला थोडी थोडी करून ओढून घेतोय, आणि तो आजच्या आज माझ्या दारातून गेला पाहिजे.

"नाही," मी म्हणालो. "उजव्या सीटवर कोणी नाही."

निकाल आमच्या बाजूने लागला.

परत येताना वारा सुटला. आकाश निळं, लख्ख ऊन, आणि जमिनीवरून बर्फाची भुकटी अशी धावत होती की रस्ता दिसेना. मी ट्रक पंधरावर आणला, या वेळी आपणहून.

"शपथेवर म्हणालास," आर्लिस म्हणाली.

"मग काय म्हणू? बायको बसते म्हणू, चार महिन्यांपासून, हप्त्याहप्त्याने?"

ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग डोकं मागे टेकून म्हणाली, "मला नेहमी वाटायचं डेल, माझं एवढं सगळं जातं कुठे? आरशात बघितलं की वाटायचं, कोणीतरी घेऊन गेलं. ते इथेच आहे हे कळलं, बरं वाटलं."

"आर्लिस, गप्प बस."

"इथे बसलं की दुखत नाही रे. तुला काय वाटलं, मी उगाच झोपते? कोणीतरी ओळखीचं मांडीवर घेतल्यासारखं वाटतं..."

"तो ट्रक जाणार," मी म्हणालो. "गेला की तुझं वजन थांबेल."

तिने बाहीने खिडकीची काच पुसली. "आणि नाही थांबलं तर?"

मी वायपरचा वेग वाढवला. तेव्हा मला वाटत होतं की दोघांत शहाणा मी आहे.

फेब्रुवारीत ट्रक न्यायला लांबलचक गाडी आली. परत देण्याआधी ट्रकची सगळी आठवण पुसायची असते. पडद्याने विचारलं, सगळं काढून टाकायचं? मी होय वर बोट ठेवलं. नेणारा माणूस आत डोकावून म्हणाला, "उजवा बेल्ट तुम्ही लावून ठेवलाय का? असू दे?" मी नव्हता लावला. मग मला बर्फात खुणा दिसल्या, आर्लिसच्या चार पायांच्या काठीच्या, पायरीपासून ट्रकच्या उजव्या दारापर्यंत आणि परत. सकाळी मी गोठ्याकडे गेलो असताना ती एवढं अंतर एकटी चालून आली होती. वर बघितलं तर ती खिडकीत उभी. हात हलवत होती. मला नव्हे.

आणि वजन थांबलं, लोवेल! तीन आठवडे काटा एकशे चौदावर. मी नर्सना डोनट नेऊन वाटले. वकीलबाईंना फोन करून वेड्यासारखे आभार मानले. चौथ्या आठवड्यात आर्लिस घसरायला लागली ती घसरतच गेली. नवीन घेतलेल्या पेट्रोलच्या ट्रकमध्ये तिला झोप लागायची नाही. ओठ दाबून बसायची, पूर्वीसारखी. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी तिने मशीन नको म्हणून सांगितलं, आणि त्या शनिवारी सकाळी गेली. शेवटच्या दोन दिवसांत एकदाच नीट बोलली. "डेल, तिकडे बेल्ट कोण लावेल?"

मला तेव्हा कळलं. तो ट्रक तिला ओढून घेत नव्हता, लोवेल. ती जाणारच होती. जाणारं जे होतं ते तो जपून ठेवत होता. आणि मी ते भांडून, शपथ घेऊन परत विकलं.

संपत आलं. तुझी कॉफी गार झाली, असू दे.

गेल्या गुरुवारी दुपारी फोन वाजला. आयडाहोमधली एक बाई, जोनेल नावाची. परत घेतलेल्या गाड्या कंपनी दुरुस्त करून, कागदावर तसा शिक्का मारून, दूर कुठेतरी विकते. तिने तो जांभळा ट्रक घेतला होता. समोरच्या कप्प्यात माझं एक जॉब कार्ड राहिलं होतं, त्यावरून तिने मला शोधलं.

"माफ करा हं, त्रास देतेय," ती म्हणाली. "त्या सीटचं तुम्ही काय केलं होतं? माझ्याकडेही तसंच होतंय. एप्रिलपासून."

"आकडा किती दाखवते?"

"हा... विचित्रच आहे. आमच्या मेकॅनिकने तीनदा बघितला. दर वेळी एकच. एकशे बावन्न."

मी खुर्ची ओढून बसलो. माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"दुसरं काही जाणवतं?" मी विचारलं.

"वास येतो. तुम्हाला खोटं वाटेल... बेकरीसारखा. मला कंपनीकडे परत द्यायचाय हो तो. तुम्ही मला एक पत्र द्याल का? तुमच्या वेळीही त्या सीटवर कोणी नव्हतं, एवढंच लिहायचं. तुमच्या सहीने."

"नाही," मी म्हणालो. "ते मी एकदा लिहून दिलंय. पुन्हा देणार नाही. ताई, ऐका, तो ट्रक परत देऊ नका. तुम्हाला नकोच असेल तर मला सांगा, मी येऊन घेऊन जाईन, म्हणाल ते देईन. आणि तोवर बेल्ट लावत जा. सैल लावा. तिचा उजवा खांदा दुखतो."

पलीकडे ती उठून दार लावून आल्याचा आवाज झाला.  मग हळूच म्हणाली, "आणखी एक आहे... मेकॅनिकला मी सांगितलंसुद्धा नाही. गेल्या आठवड्यापासून माझ्या सीटचाही आकडा चुकतोय. ड्रायव्हरच्या. मी उतरले तरी नऊ दाखवतो."

उद्या मी आयडाहोला निघतोय. म्हणून म्हटलं, आजच भेटलास ते बरं झालं. परवा कोंबड्यांना दाणे घाल, तेरवापण घाल.

हा माझ्या कमरेचा पट्टा बघ. हे शेवटचं भोक गेल्याच आठवड्यात खिळ्याने पाडलंय. आर्लिसचा वजनकाटा अजून तिकडे मोरीत आहे. मी त्याच्यावर चढलेलो नाही.